बॅटरीचं वय सांगू नका, वही दाखवा!



कॅम्पर ट्रेलर किंवा कॅम्पर व्हॅन भाड्याने द्यायचा धंदा करायचाय, असं म्हणणारे उद्योजक भेटले की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गाडी कोणती घेऊ, बॉडी कुठे बांधू, परवाना कसा मिळेल, कर्ज किती मिळेल. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे सरकारी योजनांचेही प्रश्न असतात. बेडखालच्या खोक्यातल्या बॅटरीबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि गिऱ्हाईकाची रात्र तर त्याच खोक्यावर उभी असते. पंखा, फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, मोबाईलचं चार्जिंग, सगळं तिथूनच चालतं.

या बॅटरीच्या बाबतीत मला दोन प्रकारचे मालक दिसतात. पहिला म्हणतो, "पाच वर्षांची वॉरंटी आहे, तोपर्यंत बघायचं नाही." दुसरा म्हणतो, "तीन वर्षं झाली की डोळे झाकून बदलायची." पहिल्याचे पैसे गिऱ्हाईकाला परत देण्यात जातात, दुसऱ्याचे धडधाकट बॅटरी भंगारात घालण्यात. दोघांची चूक एकच आहे. दोघेही कॅलेंडर बघून निर्णय घेतायत.

माझं मत स्पष्ट आहे. बॅटरीचं वय ही माहिती आहे, निर्णय नाही. निर्णय दोन आकड्यांवर घ्यायचा: आज बॅटरीत किती क्षमता शिल्लक आहे, आणि तुमच्या एका रात्रीला किती लागते. हे दोन आकडे ज्याच्या वहीत आहेत, तोच धंदा करतोय. बाकीचे नशीब आजमावतायत.

व्हिडिओत वेळेअभावी सगळी आकडेमोड दाखवता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा.

आधी एक गोंधळ दूर करू

कॅम्परमध्ये दोन वेगळ्या कामांच्या बॅटऱ्या असतात. इंजिन सुरू करणारी बॅटरी काही सेकंदांत शेकडो ॲम्पिअर देते आणि मग आराम करते. तिच्या प्लेटा पातळ असतात. राहण्याच्या भागाला वीज देणारी बॅटरी थोडा थोडा करंट पण तासन्‌तास देते. तिच्या प्लेटा जाड असतात, म्हणून ती खोलवर उपसलेली सहन करते. आपण बोलतोय ते या दुसऱ्या बॅटरीबद्दल. ट्रेलर असेल तर त्यात बहुधा फक्त हीच असते.

हा फरक का महत्त्वाचा? कारण बॅटरीच्या दुकानात हातातलं छोटं यंत्र लावून दहा सेकंदांत "ओके" अशी चिठ्ठी देतात. त्या यंत्राचा दोष नाही, पण ते मुख्यतः बॅटरी झटका किती जोरात देईल हे सांगतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे: पहाटे पाच वाजता पंखा चालू असेल का? दहा सेकंदांच्या चिठ्ठीत त्याचं उत्तर नसतं.

वय काय सांगतं आणि काय सांगत नाही

एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या बॅटऱ्या घ्या. एक अलिबागला सावलीत, रोज पूर्ण चार्ज होणारी. दुसरी चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या बंद खोक्यात, अर्धवट चार्जवर धावणारी. दोघींचं जन्मसाल एक, पण दुसरीचं म्हातारपण कितीतरी आधी येणार.

लेड-ॲसिड बॅटरीसाठी साधारण ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना आयुष्य निम्म्यावर येतं. त्यात अर्धवट चार्जवर ठेवण्याची भर पडली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे बसतात आणि तेवढा भाग कामातून जातो. यालाच सल्फेशन म्हणतात. तिसरा शत्रू म्हणजे खोल उपसा. रोज निम्मी वापरली तर जितकी चक्रं मिळतात, त्यापेक्षा रोज तळ गाठला तर खूपच कमी मिळतात.

म्हणजे उष्णता, उपासमार आणि उपसा. बॅटरी किती वर्षांची आहे यापेक्षा या तिघांनी तिला किती छळलंय हे महत्त्वाचं. आणि ते पावतीवरच्या तारखेत दिसत नाही.

चार कसोट्या, सोप्यापासून पक्कीपर्यंत

पहिली कसोटी डोळ्यांची. बॅटरीचं खोकं फुगलंय का? टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचलीय का? पाणी भरायची बॅटरी असेल तर सहाही कप्प्यांत पातळी प्लेटांच्या वर आहे का? एकाच कप्प्यात सारखं पाणी कमी होत असेल तर तो कप्पा संशयित. फुगलेल्या बॅटरीवर पुढची कसोटी करू नका, ती थेट बाहेर. आणि पाणी फक्त डिस्टिल्डच, फिल्टरचं नाही.

दुसरी कसोटी मल्टीमीटरची. पाचशे रुपयांच्या आसपास कामचलाऊ मीटर मिळतो. पण मोजायची वेळ चुकली तर आकडा फसवतो. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच बंद केल्यावर व्होल्टेज वर दिसतं. लोड चालू असताना खाली दिसतं. म्हणून चार्जर, सोलर आणि सगळा लोड काढा, बॅटरीला निदान पाच-सहा तास, जमलं तर रात्रभर विश्रांती द्या आणि मग मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी ढोबळ आकडे असे: १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. आपल्याकडच्या अनेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांत ॲसिड थोडं कमी घनतेचं असतं, त्या पूर्ण चार्ज होऊनही १२.५ च्या आसपास दिसू शकतात. म्हणूनच बॅटरी नवी असताना पहिलं रीडिंग लिहून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशी करा. पूर्ण चार्ज करूनही विश्रांतीनंतर १०.५ च्या आसपास दिसलं तर सहापैकी एक कप्पा गेला असं समजा.

लक्षात घ्या, व्होल्टेज हे टाकीतली पातळी सांगतं, टाकीचा आकार नाही. म्हातारी बॅटरीसुद्धा १२.६ दाखवते. फक्त तिची टाकी आता हंडा राहिलेली नसते, तांब्या झालेली असते. बहुतेक जण फसतात ते इथेच.

तिसरी कसोटी हायड्रोमीटरची. झाकणं उघडता येत असतील तरच ही करता येते. पूर्ण चार्जनंतर प्रत्येक कप्प्यातल्या ॲसिडची घनता मोजा. पूर्ण चार्जला किती हवी ते कंपनीने लेबलवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. आपल्याला त्याहून महत्त्वाचा आहे कप्प्यांमधला फरक. पाच कप्पे १.२४० आणि एक १.१९० असेल, म्हणजे ०.०५० चा फरक असेल, तर साखळीतली कमजोर कडी सापडली. सहा कप्पे एकामागोमाग जोडलेले असतात, सगळ्यात दुबळा कप्पाच बॅटरीचा वेग ठरवतो. पाणी घातल्या घातल्या मात्र मोजू नका, ते मिसळायला चार्जिंग आणि वेळ लागतो.

चौथी कसोटी खरी. हिला मी धंद्याची कसोटी म्हणतो: ठरलेला करंट, ठरलेले तास काढून बघणं.

बल्ब लावून बॅटरीची परीक्षा

महागडं उपकरण लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॉटचे दोन बल्ब घ्या. दोन्ही मिळून साधारण ९ ॲम्पिअर खातात. नेमका करंट क्लॅम्प मीटरने मोजा, पण डीसी मोजणाराच क्लॅम्प घ्या, साधा एसीवाला चालत नाही. मधे फ्यूज टाका. हॅलोजनचा बल्ब भाजेल इतका तापतो, तो पत्र्यावर किंवा विटेवर ठेवा, प्लायवर किंवा गादीजवळ नको.

समजा तुमची बॅटरी १५० एएचची आहे. पूर्ण चार्ज केली, विश्रांती दिली, रीडिंग घेतलं. आता दोन बल्ब आठ तास लावा. ९ गुणिले ८, म्हणजे ७२ एएच काढले. बल्ब बंद, पुन्हा पाच-सहा तास विश्रांती, पुन्हा व्होल्टेज आणि जमलं तर घनता.

आता हिशोब. रीडिंग "निम्मी शिल्लक" सांगत असेल तर ७२ एएच म्हणजे निम्मा साठा, पूर्ण क्षमता १४४. बॅटरी तरुण आहे, निवांत राहा. रीडिंग "पाव शिल्लक" सांगत असेल तर ७२ म्हणजे पाऊण साठा. ७२ भागिले ०.७५, क्षमता उरली ९६. लेबलवर १५० आणि पोटात ९६, म्हणजे ६४ टक्के. आणि आठ तास व्हायच्या आधीच लोडवर व्होल्टेज १०.५ ला आलं तर तिथेच थांबा, त्याखाली नेऊ नका. सहा तासांत आलं असेल तर क्षमता ५४ एएच. परीक्षा संपली, निकाल लागला.

हा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नाही, ५-१० टक्के इकडे-तिकडे होईल. पण दर सहा महिन्यांनी तेच बल्ब, तेवढेच तास, तशीच विश्रांती ठेवलीत तर उतार स्पष्ट दिसतो. १४४, १३८, १३०, मग अचानक ११२. हा अचानक आलेला उतार तुम्हाला गिऱ्हाईकाच्या आधी कळायला हवा.

दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या असतील तर सोडवून एकेकीची परीक्षा घ्या. एकत्र ठेवल्या तर आजारी बॅटरी निरोगी बॅटरीच्या मागे लपते आणि तिलाही सोबत घेऊन जाते. याच कारणाने जुन्या बॅटरीला नवी जोडू नका. "एकच बदलतो, निम्म्यात काम होईल," ही बचत महागात पडते.

चाचणी संपली की लगेच पूर्ण चार्ज करा. चार्जिंग उघड्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको, कारण हायड्रोजन बाहेर पडतो. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा घाला. ॲसिड सांडलं तर जमिनीवर खाण्याचा सोडा, अंगावर उडालं तर भरपूर पाणी.

बॅटरी आजारी आहे की उपाशी?

बॅटरीवर शिक्का मारण्यापूर्वी हा प्रश्न विचाराच. बऱ्याच "खराब" बॅटऱ्या खरं तर पोटभर चार्जच झालेल्या नसतात.

एक उदाहरण बघा. तुमच्या एका रात्रीचा खर्च मांडू. १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज ४५ वॉटचा, संध्याकाळी सात ते सकाळी सात निम्मा वेळ चालू, म्हणजे २७० वॉट-तास. २५ वॉटचे दोन डीसी पंखे नऊ तास, ४५०. दिवे २० वॉट चार तास, ८०. मोबाईल-लॅपटॉप १००. पाण्याचा पंप ६० वॉट अर्धा तास, ३०. एकूण ९३० वॉट-तास. भागिले १२, साधारण ७८ एएच.

गाडीच्या छतावर १५० वॉटचं एक सोलर पॅनेल आहे. चांगल्या उन्हातही सपाट छतावर दिवसाला ५०० वॉट-तासांच्या आसपास मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे रोज ४३० ची तूट, आणि दिवसा चालणाऱ्या फ्रिजचा खर्च अजून धरलेलाच नाही. पहिली रात्र मस्त जाते, दुसरी कशीबशी, तिसऱ्या रात्री अंधार. मालक म्हणतो, "बॅटरी बेकार निघाली." बॅटरी बेकार नाही, तिला जेवण कमी पडतंय. अशा ठिकाणी नवी बॅटरी टाकली तर ती पण वर्षभरात तशीच होणार.

म्हणून आधी चार्जिंग तपासा. लेड-ॲसिड बॅटरीचं चार्जिंग चालू असताना व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोहोचतं का आणि तिथे दोन-तीन तास टिकतं का? तिथपर्यंत पोहोचतच नसेल तर चार्जर, वायरची जाडी, सैल टर्मिनल, पॅनेलचा आकार, यापैकी काहीतरी दोषी आहे. पाणी भरायची बॅटरी असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे एक लांब, पूर्ण चार्ज द्या आणि मग पुन्हा परीक्षा घ्या. काही बॅटऱ्या त्यानंतर बऱ्यापैकी सावरतात.

लिथियमची भाषा वेगळी

आता अनेक जण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकतात. वजनाला हलकी, ८०-९० टक्के उपसली तरी चालते, चक्रं हजारोंच्या घरात. पण वरचे व्होल्टेजचे आकडे तिला लावू नका. पाऊण भरलेली असो की निम्मी, व्होल्टेज १३.२ च्या आसपासच रेंगाळतं. शेवटी एकदम घसरतं आणि आतलं संरक्षण सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते वीज तोडून टाकतं. म्हणजे आगाऊ सूचना जवळजवळ नाहीच.

लिथियमसाठी शंट लावलेला बॅटरी मॉनिटर घ्या. आत किती एएच गेले, बाहेर किती आले, हे तो मोजतो. पूर्ण चार्जपासून बीएमएस तोडेपर्यंत किती एएच निघाले, हा तिचा खरा आकडा. वर्षातून एकदा ही चाचणी पुरे. आणि स्वस्तात मिळणाऱ्या "ई-व्हेइकलमधून काढलेल्या" सेलच्या पॅकपासून लांब राहा, जोपर्यंत विकणारा प्रत्येक सेलची मोजलेली क्षमता लेखी देत नाही. पर्यटक झोपलेल्या बेडखाली अज्ञात इतिहासाची बॅटरी ठेवणं हा धंदा नव्हे, तो जुगार आहे.

मग बदलायची कधी?

उद्योगात ८० टक्के क्षमता उरली की बॅटरी निवृत्त धरतात. हा नियम चांगला आहे, कारण लेड-ॲसिडमध्ये त्यानंतरचा उतार वेगाने होतो. पण लहान उद्योजकाने तो आंधळेपणाने पाळू नये. तुमची गरज काय, ते बघा.

वरच्या उदाहरणात रात्रीची गरज ७८ एएच. नव्या १५० च्या बॅटरीतून हे काढलं तर ५२ टक्के उपसा, ठीक. क्षमता १२० वर आली की तोच खर्च ६५ टक्के होतो. ९० वर आली की ८७ टक्के, आणि पहाटे कटऑफ पडणार हे नक्की. म्हणजे बॅटरी जितकी म्हातारी, तितकं तिच्यावर त्याच कामाचं ओझं जास्त, आणि ओझं जास्त म्हणून ती आणखी लवकर म्हातारी.

माझा ठोकताळा: लेड-ॲसिडसाठी रात्रीच्या गरजेच्या दीडपट क्षमता शिल्लक हवी. लिथियमसाठी सव्वापट. ७८ ची दीडपट ११७. मोजलेली क्षमता ११७ च्या खाली गेली की ती बॅटरी गिऱ्हाईकाच्या गाडीतून काढा. पण ज्याच्या ट्रेलरमध्ये फक्त दिवे आणि मोबाईल चार्जिंग आहे, रात्रीला ३० एएच लागतात, त्याने तीच ९० ची बॅटरी आणखी वापरली तर मी त्याला कंजूस म्हणणार नाही. फक्त त्याने दर तीन महिन्यांनी मोजावं. कमजोर कप्पा सापडलेली बॅटरी मात्र कोणत्याही हिशोबात बसत नाही, ती बाहेर.

काढलेली बॅटरी लगेच भंगारात टाकू नका. कप्पे समान असतील तर ती यार्डातल्या ऑफिसच्या दिव्याला, सीसीटीव्हीच्या बॅकअपला अजून चालते. निवृत्त माणूस घरी बसून हिशोब लिहितो ना, तसं.

पैशाचं गणित

समजा बॅटरी १६,००० रुपयांची. वर्षाला ८० रात्री भाडं, चार वर्षं चालली, ३२० रात्री. म्हणजे एका रात्रीला बॅटरीचा खर्च ५० रुपये. हे ५० रुपये तुमच्या भाड्यात धरलेत का? बहुतेकांनी डिझेल धरलेलं असतं, ड्रायव्हर धरलेला असतं, चादरी धुणं धरलेलं असतं. बॅटरी नाही, कारण ती "एकदाच घेतली". बॅटरी एकदाच घेत नाहीत मित्रांनो, ती रोज थोडी थोडी विकत घेत असता. दर रात्रीचे ५० रुपये वेगळ्या खात्यात टाका, बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे तयार असतील.

आता उलट बाजू. बॅटरी मरायला टेकलीय, पण तुम्ही म्हणता अजून सहा महिने ढकलू. ४० रात्री गुणिले ५०, तुम्ही २,००० वाचवले. त्या ४० रात्रींपैकी एका रात्री हरिहरेश्वरला फ्रिज बंद पडला, लहान बाळाचं दूध नासलं, उकाड्यात कुटुंब जागं राहिलं. ६,००० चं भाडं परत, शिवाय नाव खराब. २,००० वाचवायला ६,००० पणाला लावायचे का? आणि त्याच हिशोबाने उलटही बघा: वर्षभर आयुष्य शिल्लक असलेली बॅटरी भीतीपोटी काढली तर ८० रात्रींचे ४,००० पाण्यात. दोन्ही नुकसानांवर औषध एकच, मोजणं.

पावसाळ्यात उभी गाडी

आपल्याकडे कितीतरी बॅटऱ्या धावून मरत नाहीत, उभ्या उभ्या मरतात. कोकणातला हंगाम संपला की जूनमध्ये ट्रेलर शेडमध्ये जातो, ताडपत्री घातली जाते आणि दिवाळीच्या तोंडावर मालक पुन्हा बटण दाबतो. मधल्या चार महिन्यांत म्युझिक सिस्टिम, गॅस डिटेक्टर, जीपीएस ट्रॅकर गुपचूप करंट खात असतात. फक्त ५० मिलीॲम्पिअर धरा. दिवसाला १.२ एएच, महिन्याला ३६, चार महिन्यांत १४४. १५० ची बॅटरी शेडमध्येच रिकामी झाली आणि तशीच पडून सल्फेट झाली.

उपाय फुकट आहे. गाडी उभी करताना पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह वायर काढा, महिन्यातून एकदा पुन्हा पूर्ण चार्ज करा. लिथियम असेल तर साधारण निम्म्या चार्जवर ठेवून वायर काढा. मोबाईलमध्ये दर महिन्याच्या एक तारखेचा रिमाइंडर लावा.

जुना कॅम्पर घेताना

अनेक जण सुरुवात जुन्या गाडीने करतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. विकणारा म्हणेल, "साहेब, बॅटरी दोनच वर्षांची आहे, एकदम कडक." तुम्ही हसून म्हणा, "छान आहे की दादा. उद्या बल्ब घेऊन येतो, आठ तास लावून बघू, मग बोलू." खरंच कडक असेल तर तो हरकत घेणार नाही. आढेवेढे घेतले तर बॅटरीची किंमत भंगाराइतकी धरून भाव करा.

तीन गोष्टी मागा. मूळ बिल, वॉरंटी कार्ड आणि बॅटरीवरचा उत्पादनाचा कोड. वॉरंटीत किती महिने पूर्ण बदलून मिळते आणि किती महिने फक्त प्रमाणात सूट मिळते, ते वाचा. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत बसवलेली असेल तर वाहनातला किंवा व्यावसायिक वापर वॉरंटीत चालतो का, हे लेखी विचारा. त्या उंच बॅटऱ्या मुळात घरात एका जागी ठेवायला बनवलेल्या असतात, घाटातल्या हादऱ्यांसाठी नाही.

"सर, एवढं कोण करणार?"

हा आक्षेप मला माहीत आहे. "आम्ही धंदा करायचा की इलेक्ट्रिशियन व्हायचं?" म्हणणं अगदीच चूक नाही. तुमचा वेळ मौल्यवान आहे. पण हिशोब करा: वर्षातून दोन परीक्षा, प्रत्येकीला तुमच्या हाताचं काम अर्धा-पाऊण तास. बाकीचे तास बल्ब काम करतो. पाच गाड्या झाल्या की हे काम एका माणसाला शिकवून सोपवा, वही मात्र तुम्ही बघा. दहा गाड्या झाल्या की प्रत्येकीत मॉनिटर बसवा. सुरुवातीला एक गाडी असताना ही सवय लागली नाही, तर दहा गाड्यांवर ती लागत नाही.

आणि शेवटी मेलेल्या बॅटरीचं काय? ती रस्त्यावरच्या कुठल्याही भंगारवाल्याला ॲसिड ओतून देऊ नका. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य संकलन व्यवस्थेकडेच द्यायची असते. नवी घेताना विक्रेत्याकडे जुनी जमा करा, शिशाचे पैसे बिलात वळते होतात. ते पैसे पण वहीत लिहा, तो तुमच्या बॅटरीचा शेवटचा उत्पन्नाचा आकडा आहे.

आजचा गृहपाठ

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक बॅटरीला एक पान. वर लिहा: क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, लेबलवरची क्षमता, रात्रीची गरज, आणि गरजेची दीडपट म्हणजे तुमची लाल रेघ. खाली रकाने: तारीख, विश्रांतीनंतरचं व्होल्टेज, सहा कप्प्यांची घनता, किती एएच काढले, नंतरचं रीडिंग, निघालेली क्षमता, शेरा. बास.

पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, तर हेच पान समोरच्यासमोर ठेवा. दुसरे तोंडाने सांगतील की बॅटरी कडक आहे, तुम्ही आकडा दाखवाल. भाव कुणाला मिळेल, ते मी सांगायला नको.

या रविवारी पहिली परीक्षा घ्या. मित्र या धंद्यात उतरत असेल तर गाडीचं टोकन देण्याआधी त्याला हे वाचायला द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत.